धुऱ्यापलीकडचे तण

सेवाग्रामचे नाव काढले की आश्रम, सूतकताई आणि नई तालीम आठवते. 1936 साली गांधीजी या गावात, तेव्हाच्या शेगावात, राहायला आले. 1940 मध्ये गावाला आजचे नाव मिळाले. जवळच्या पवनारहून निघालेल्या विनोबांच्या 1951 च्या पदयात्रेतून भूदानाची चळवळ उभी राहिली. जमिनीचा विचार एकट्या मालकापुरता न करण्याची सवय या परिसराला आहे, ती अशी. पुढील पानांचा विषय त्यामानाने फारच साधा वाटेल. तो आहे बाहेरून आलेले तण आणि ते आवरण्यासाठी एकमेकांच्या हद्दीत लक्ष घालण्याची गरज.

गाजरगवतापासून सुरुवात केलेली बरी, कारण ते ओळखीचे आहे. त्याचे मूळ अमेरिका खंडात. भारतात ते फैलावत असल्याची पहिली ठळक नोंद 1955 च्या सुमारास पुण्यात झाली. ते अमेरिकेशी झालेल्या पी.एल. 480 कराराच्या गव्हाबरोबर आले, असे आपण लहानपणापासून ऐकतो. पण तो करार 1956 च्या ऑगस्टमधला, म्हणजे तारखाच जुळत नाहीत. पुढे विदर्भात ते सगळीकडे पसरले. घाणेरी जंगलकाठी आहे, रानतुळस माळावर आहे, बेशरम तलावांच्या आणि नाल्यांच्या काठाने उभी आहे. यांतले कोणतेच सातबारा पाहून उगवत नाही.

वाचकांनी एकदा पावसाळ्यात कपाशीच्या वावराच्या कडेला उभे राहून पाहावे. आत निंदण झालेले असते, डवरे फिरलेले असते, ओळी स्वच्छ असतात. धुऱ्यावर मात्र गाजरगवत कमरेइतके वाढून पांढऱ्या फुलांवर आलेले असते. निंदणाची मजुरी वावरापुरती ठरलेली, त्यामुळे बायांचे हात धुऱ्याशी थांबतात. शिवाय ते उपटताना अंगाला खाज सुटते, काहींची कातडी चिघळते, परागांमुळे दमाही बळावतो. फुकट कोण हात लावणार? एका झाडाला हजारोंनी बी धरते. ते वाऱ्याने, पाण्याच्या लोंढ्याने, शेणखतातून आणि रस्त्यावर टाकलेल्या मुरुमातून पुढे जाते. दोन्ही शेजारी आपापल्या वावरात कष्ट करतात आणि दोघांच्या मधल्या दोन हातांच्या पट्टीतून पुढल्या वर्षाचे तण तयार होते.

हा धुरा मोठा करून पाहिला की आमचा विषय समोर येतो. पांदण ग्रामपंचायतीकडे, डांबरी रस्त्याच्या कडा बांधकाम विभागाकडे, कालव्याचा काठ पाटबंधारे विभागाकडे, रुळांलगतची जागा रेल्वेकडे, बोर व्याघ्र प्रकल्पाची जमीन वन विभागाकडे. त्यात नागपूर विभागाचे खास प्रकरण म्हणजे झुडपी जंगल. महसुली कागदांत एक आणि वनकायद्यात दुसरे, अशा अवस्थेत ही जमीन अनेक दशके राहिली. 2025 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ती वनजमीनच असल्याचे स्पष्ट केले. जिथे जमीन कोणाची हेच ठरायला इतकी वर्षे लागली, तिथले तण कोणी काढायचे?

उपाय नाहीत असे नाही. गाजरगवताची पाने खाणारा मेक्सिकन भुंगा 1984 पासून भारतात सोडला जातो. पांढुरक्या पाठीवर काळपट नागमोडी रेघा असलेला हा किडा पावसाळ्यात झाडे ओरबाडून काढतो, आणि ऊन तापले की जमिनीत दडून बसतो. घाणेरी वरून छाटली तर दुप्पट जोमाने फुटते. जमिनीखाली थोड्या अंतरावर मूळ तोडून झाड उलटे करून ठेवावे लागते. पण ज्ञानापेक्षा वेळ जुळवणे अवघड. पाचांपैकी चौघांनी फुलाआधी तण काढले आणि पाचव्याने महिनाभर उशीर केला, तर चौघांची मजुरी वाया जाते.

म्हणून आम्हांला विदर्भातली दोन उदाहरणे विशेष मोलाची वाटतात. मेळघाटच्या पायथ्याशी पायविहीरच्या ग्रामसभेने सामूहिक वनहक्क मिळाल्यावर घाणेरी काढून जंगल पुन्हा उभे केले. भंडारा-गोंदियाकडे मालगुजारी तलावांवर ढिवर समाजाच्या मच्छीमारांनी, त्यांत बायांनी पुढाकार घेऊन, बेशरम उपटली आणि देशी पाणवनस्पती लावल्या. मासे परतावेत हा त्यांचा रोकडा हेतू होता. दक्षिण आफ्रिकेने 1995 पासून परकी झाडे काढण्याच्या कामाला रोजगाराची जोड दिली, ती याच जातीची अक्कल. ज्याच्या पोटाशी संबंध, तो काम अर्ध्यावर सोडत नाही, हे आमचे मत वाचकांनी पुढे तपासून पाहावे.

तुम्ही या विषयात नवे असाल तर कायद्यापासून सुरुवात करू नका. 2002 चा जैवविविधता कायदा आणि गावोगावच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्या महत्त्वाच्या आहेत. 2022 च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात परक्या आक्रमक जातींची व्याख्याही आली. पण ते नंतर. आधी गावनकाशा घ्या आणि एकच नाला उगमापासून खाली चालत जा. कुठे काय उगवले आहे आणि ती जागा कोणाच्या ताब्यात आहे, एवढेच नकाशावर टिपा. पहिल्या पावसानंतर गाजरगवत साधारण महिना-दीड महिन्यात फुलावर येते. तेवढ्या मुदतीत नकाशावरच्या सगळ्या नावांची एक बैठक गावात बोलावता येते का, ते पाहा. कोण येतो आणि कोण येत नाही, याची नोंद ठेवून मग पहिले प्रकरण उघडा.