दारूचे दुकान आणि गावाचा शब्द

मंदिरापासून हाकेच्या अंतरावर मद्यगृह निघणार, अशी वार्ता कानी आली की वस्तीत प्रथम कुजबुज होते, मग देवळाच्या सभामंडपात बैठक भरते आणि अखेरीस एक अर्ज तयार होतो. सायंआरतीला येणाऱ्या स्त्रियांनी परतावे कसे, मुलांची शाळेची वाट कोणती, रात्री वृद्धांना झोप लागेल काय, हे प्रश्न त्या अर्जात असतात. हैदराबादेत राहणाऱ्या आम्हां मराठी आणि कोंकणी मंडळींना असे अर्ज नवे नाहीत. मात्र ज्याच्यावर सही करावयाची, त्या अर्जामागे केवढा इतिहास उभा आहे, याचा विचार आम्ही क्वचितच करतो. दारू चांगली की वाईट, हा या इतिहासातील मुख्य प्रश्न नव्हेच. दुकान कोठे असावे हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा त्यातील खरा प्रश्न होय.

आरंभीच एक गोष्ट प्रांजळपणे कबूल केली पाहिजे. तेलंगणाची भूमी ताडाची आणि शिंदीची आहे. येथील ग्रामदेवतांच्या पूजेत, बोनालूच्या उत्सवात, ताडीला स्थान आहे. ताडी काढणाऱ्या गौड समाजाचा तो वंशपरंपरेचा व्यवसाय आहे. गोमंतकातही माडावर चढणारा रेंदेर हा गावगाड्याचा एक घटकच होता. म्हणून, पूर्वी सर्व निर्मळ होते आणि आता सर्व बिघडले, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. बदल झाला तो निराळ्या ठिकाणी. गावच्या झाडाचा रस गावातच पिणे, ही पूर्वीची रीत होती; पुढे सरकारी तिजोरीसाठी गावात दुकान बसविणे सुरू झाले.

हे स्थित्यंतर एकोणिसाव्या शतकात घडले. मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याने दारू गाळण्याचा आणि विकण्याचा व्यवहार सरकारी परवान्याच्या कक्षेत घट्ट बांधला गेला. त्याच वर्षीच्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने गोव्याची अबकारी व्यवस्थाही त्याच धर्तीवर आणली, आणि १८९२ साली तो तह संपेपर्यंत रेंदेरांनी त्याची झळ सोसली. निजामाच्या राज्यात पहिल्या सालारजंगांनी १८६५ साली जिल्हाबंदी करून जमीनमहसुलातील मक्तेदारीला आळा घातला खरा. परंतु अबकारीत गुत्त्याची पद्धत पुढेही टिकून राहिली. ‘गुत्तेदार’ हा शब्द मराठवाड्याच्या बोलीत आजही कंत्राटदार या अर्थाने रूढ आहे, तो त्या काळाची खूण अंगावर वागवीत. लिलावात ज्याने चढी बोली लावली त्याने ती रक्कम वसूल करावयाची. मग जितकी दुकाने अधिक आणि जितकी ती वस्तीच्या जवळ, तितका त्याचा लाभ अधिक. अबकारी हा संस्थानी तिजोरीचा एक मोठा आधारस्तंभ होता. या हिशेबात गावाच्या संमतीचे खाते कोठेच नव्हते.

ही उणीव ज्यांनी लवकर ओळखली त्यांत महात्मा जोतीराव फुले यांचे स्मरण प्रथम होते. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० च्या जुलैमध्ये त्यांनी पत्र लिहून शहरातील दारूच्या दुकानांकडे अधिकाऱ्यांचे लक्ष वेधले आणि त्या दुकानांवर कर बसविण्याची सूचना केली. पुढे १९०८ साली त्याच पुण्यात लोकमान्यांच्या पुढाकाराने दारूच्या दुकानांवर निरोधन झाले. या दोन थोर पुरुषांची सामाजिक मते किती भिन्न होती हे सर्वज्ञात आहे. तरीही या एका प्रश्नावर दोघेही रहिवाशांच्या बाजूस उभे राहिले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आता हैदराबादकडे वळू. २० फेब्रुवारी १९५६ रोजी आंध्र आणि तेलंगणाच्या पुढाऱ्यांत जो ‘सभ्य गृहस्थांचा करार’ झाला, त्यातील नोकऱ्यांची आणि जमिनीची कलमे लोकांना आठवतात. दारूबंदीविषयीचे कलम फारसे कोणाला आठवत नाही. मद्रास इलाख्याच्या वारशामुळे आंध्र भागात दारूबंदी होती. तेलंगणात अबकारी चालू होती. म्हणून, तेलंगणातील दारूबंदी कशी अमलात आणावयाची ते तेलंगणातील विधानसभा-सदस्यांनी ठरवावे, असे करारात नमूद झाले. ज्यांच्या दाराशी परिणाम भोगावयाचे त्यांच्या प्रतिनिधींनी निर्णय घ्यावा, हे तत्त्व येथे कागदावर तरी मान्य झाले होते. पण प्रतिनिधी म्हणजे गाव नव्हे.

गाव स्वतः बोलले ते १९९२ साली, नेल्लोर जिल्ह्यातील दुबगुंटा येथे. तेव्हा सरकारी व्यवस्थेतून आलेली अरक प्लास्टिकच्या पुड्यांतून गावोगाव पोहोचत होती. मजुराची दिवसभराची कमाई संध्याकाळी चुलीपर्यंत येण्याआधीच दुकानात जिरे. त्याच सुमारास जिल्ह्यात साक्षरतेची मोहीम चालू होती. रात्रीच्या वर्गात अक्षरे गिरविणाऱ्या स्त्रियांनी आपल्याच दुःखाचा पाठ वाचला आणि तो वाचून त्या थांबल्या नाहीत. दुबगुंट्याच्या बायकांनी एकजुटीने गावातील दुकान बंद पाडले. त्यांच्या अग्रभागी असलेल्या रोसम्मा यांचे नाव पुढे सर्व आंध्रात झाले. मग ही हकीकतच नवसाक्षरांच्या पुस्तकात धडा म्हणून आली आणि एका गावाचे धैर्य शेकडो गावांत पोहोचले. नेल्लोरात अरकेचे लिलाव करणे सरकारला अशक्य होऊन बसले. एप्रिल १९९३ मध्ये त्या जिल्ह्यात आणि १ ऑक्टोबर १९९३ पासून सर्व राज्यात अरकबंदी झाली. जानेवारी १९९५ मध्ये एन. टी. रामाराव यांच्या सरकारने संपूर्ण दारूबंदी आणली. १९९७ साली ती उठली.

ती का उठली याचे उत्तर तिजोरी आणि चोरटा व्यापार या दोन शब्दांत सामावते. परंतु आमच्या मते त्याहून मोठा धडा येथे आहे. दुबगुंट्याच्या स्त्रियांनी मागितले होते ते आपल्या गावापुरते. सरकारने दिले ते सर्व राज्याला, आणि दिलेले काढूनही घेतले. देताना जशी गावाची संमती विचारली नाही, तशी काढून घेतानाही विचारली नाही. बंदी आली आणि गेली. निर्णयाचा अधिकार मात्र गावाच्या हाती आलाच नाही. आज तेलंगणाच्या खेड्यांत ‘बेल्ट शॉप’ या नावाने विनापरवाना दुकाने चालतात आणि त्यांच्याविरुद्ध पुन्हा त्याच आयाबहिणींना उभे राहावे लागते.

महाराष्ट्राने या बाबतीत थोडी वेगळी वाट चोखाळली. २००८ च्या नियमांनुसार गावातील किंवा प्रभागातील २५ टक्के स्त्री मतदारांनी मागणी केली तर गुप्त मतदान घेतले जाते. त्यात एकूण मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांनी ‘आडव्या बाटली’ला कौल दिला तर दुकान बंद होते. अट कठीण आहे, कारण घरी बसणाऱ्याचे मतही दुकानाच्याच पारड्यात पडते. तथापि येथे निदान विचारले तरी जाते. अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना तर १९९६ च्या ‘पेसा’ कायद्याने मादक पदार्थांच्या विक्रीवर निर्बंध घालण्याचा अधिकार मान्य केला आहे. अरण्यातील गोंड-कोलाम वस्तीला कायदा जे देतो, ते हैदराबादेच्या सुशिक्षित नागरिकाला देत नाही, हा विरोधाभास मनन करण्याजोगा आहे.

शहरातील रहिवाशाच्या हाती उरतात ते अंतराचे नियम आणि न्यायालयाचे दार. देवालय, शाळा, रुग्णालय यांपासून दुकान ठरावीक अंतरावर असावे, असे नियम आहेत. पण मोजपट्टी कोणत्या दारापासून धरावी यावरच वाद रंगतात. जुबिली हिल्स येथील रहिवाशांनी पबांच्या गोंगाटाविरुद्ध तेलंगण उच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा सप्टेंबर २०२२ मध्ये रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत तेथे ध्वनिवर्धक वाजवू नयेत असा आदेश झाला. पुढे खंडपीठाने त्याची व्याप्ती मर्यादित केली. एकेकाळी नुसत्या खडकाळ टेकड्या असलेल्या त्या भागात ज्यांनी घरे बांधली, त्यांना रात्रीची शांतता न्यायालयाकडून मागून घ्यावी लागली.

आता थोडे आपल्याविषयी. ध्वनिवर्धकाचा जो नियम पबाला लागू, तोच आमच्या उत्सवालाही लागू आहे. गणेशोत्सवात मध्यरात्रीपर्यंत कर्णे लावणाऱ्याने शेजारच्या मद्यगृहाच्या गोंगाटाची तक्रार करणे शोभत नाही. तसेच, केवळ ‘आमचे देऊळ जवळ आहे’ एवढ्यावर आमचा अर्ज उभा राहू नये. देवळाला गाभारा आहे, भिंती आहेत. देव आपले रक्षण करण्यास समर्थ आहे. उघड्यावर असते ती मजुराची बायको, क्लासहून परतणारी मुलगी आणि ज्या घरात अगोदरच एक पिणारा आहे ते घर. दुकान देवळापासून हलवून मजुरांच्या वस्तीत गेले म्हणून आम्ही समाधान मानले, तर फुल्यांच्या पत्राचा आणि रोसम्मांच्या धैर्याचा अर्थ आम्हांला कळलाच नाही, असे म्हणावे लागेल.

म्हणून पुढच्या वेळी सभामंडपात अर्ज तयार होईल, तेव्हा त्यात एक वाक्य अधिक असावे अशी आमची वाचकांस विनंती आहे: दुकान कोठेही निघो, तेथील लोकांस, आणि प्रथम तेथील स्त्रियांस, आधी विचारावे. आणि त्या अर्जाखाली सह्या घेताना देवळाच्या पायऱ्या उतरून मागच्या गल्लीतही जावे.