जंबुद्वीपाचा पट आणि पृथ्वीचा गोल

जैन पाठशाळेच्या भिंतीवर बहुधा दोन चित्रे आढळतात. एक पुरुषाकृती त्रिलोकरचनेचे आणि दुसरे वलयांकित जंबुद्वीपाचे. याच पाठशाळेतील पाचवी ते सातवीची मुले शाळेत जातात, तेव्हा भूगोलाच्या तासाला त्यांच्यासमोर पृथ्वीचा गोल असतो. पाठशाळेत जंबुद्वीपावर दोन सूर्य व दोन चंद्र सांगितले जातात. शाळेत एकच सूर्य आणि एकच चंद्र. "गुरुजी, यातले खरे कोणते?" हा बालमनाचा प्रश्न आजचा नाही. त्यामागे सुमारे दीड हजार वर्षांचा इतिहास आहे.

लोकरचनेचे वर्णन हा करणानुयोगाचा विषय होय. आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्राच्या तिसऱ्या अध्यायात जंबुद्वीपाचे वर्णन केले आहे. एक लाख योजने व्यासाचे हे द्वीप, मध्यभागी सुमेरू, भरतापासून ऐरावतापर्यंत सात क्षेत्रे आणि त्यांना विभागणारे सहा कुलाचल. या रचनेतील गणित विलक्षण रेखीव आहे. द्वीपाच्या विस्ताराचे १९० भाग कल्पिले, तर भरतक्षेत्राला १, हिमवान पर्वताला २, हैमवत क्षेत्राला ४, असे दुप्पट होत विदेहक्षेत्राला ६४ भाग येतात आणि पुढे तसेच निम्मे होत ऐरावताला १ भाग उरतो. म्हणूनच भरतक्षेत्राचा विस्तार ५२६ पूर्णांक ६/१९ योजने सांगितला जातो. द्वीपाचा परिघ ३,१६,२२७ योजने, ३ कोस, १२८ धनुष्ये व साडेतेरा अंगुळांहून किंचित अधिक इतक्या बारकाईने दिलेला आहे. दहाचे वर्गमूळ काढून व्यासाला गुणल्याशिवाय हा आकडा हाती येत नाही.

या मताची चिकित्साही प्राचीन काळीच झाली. सहाव्या शतकात वराहमिहिरांनी पंचसिद्धांतिकेत, इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तांनी आणि इ. स. ११५० मध्ये भास्कराचार्यांनी सिद्धांतशिरोमणीत दोन सूर्यांच्या मताचे खंडन केले. हे सारे ज्योतिषी पृथ्वी गोल मानणारे होते. पृथ्वीच्या गोलत्वाचा विचार पाश्चात्त्यांनी येथे प्रथम आणला, हा समज त्यामुळे टिकत नाही. इंग्रजी अमदानीत हा वाद शालेय शिक्षणात उतरला. भोपाळनजीकच्या सिहोर येथील इंग्रज अधिकारी लॅन्सेलॉट विल्किन्सन यांनी १८३४ मध्ये असे प्रतिपादन केले की, एतद्देशीयांना नवे खगोल-भूगोलज्ञान त्यांच्याच सिद्धांतग्रंथांच्या आधारे शिकवावे. त्यांचे सहकारी सुबाजी बापू यांनी १८३६ मध्ये 'सिद्धांतशिरोमणिप्रकाश' हा ग्रंथ मराठीत लिहून पौराणिक, सैद्धांतिक आणि कोपर्निकसची मते वाचकांपुढे शेजारी शेजारी मांडली. विद्यार्थ्याला हिणवून नव्हे, तर त्याच्या परंपरेतूनच पुढे न्यावे, ही दृष्टी त्यामागे होती.

महाराष्ट्रातील जैन समाजधुरीणांनीही लौकिक शिक्षणाला कधी परके मानले नाही. १८९९ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेने विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंगे चालविली. कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिले आणि पुढे १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९१८ मध्ये कारंजा येथे सुरू झालेल्या महावीर ब्रह्मचर्याश्रमाने आणि त्यानंतर कुंभोज-बाहुबलीच्या गुरुकुलाने धार्मिक व लौकिक अशा दोन्ही विद्या एका छताखाली आणल्या. दुसरीकडे सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने जीवराज जैन ग्रंथमालेचे पहिले पुष्प म्हणून 'तिलोयपण्णत्ति' हाच करणानुयोगाचा ग्रंथ निवडला. डॉ. आ. ने. उपाध्ये आणि डॉ. हिरालाल जैन यांनी संपादिलेला त्याचा पहिला भाग १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रंथ जपावा आणि मुलांनी शाळाही शिकावी, या दोन्ही गोष्टी त्या पिढीने एकाच वेळी केल्या.

तरीही वर्गातील प्रश्न सुटला, असे म्हणता येत नाही. त्याला सहसा दोन प्रकारची उत्तरे दिली जातात. "शाळेतले परीक्षेपुरते लिही, खरे ते शास्त्रातले" हे पहिले. यामुळे मूल दुटप्पीपणा शिकते. सत्य महाव्रताचा गौरव करणाऱ्या धर्माला हे शोभत नाही. "शास्त्रातले सारे जुने, सोडून दे" हे दुसरे. यामुळे आपल्याच वारशाविषयी त्याच्या मनात लाज उत्पन्न होते. अनेकांताचा आधार घेऊन "दोन्ही खरे" असे म्हणणे हीसुद्धा पळवाटच आहे. प्रत्येक नयाला त्याची अपेक्षा सांगावी लागते, हीच तर स्याद्वादाची शिस्त आहे. पृथ्वी गोल आहे, हे प्रत्यक्ष निरीक्षणाने सिद्ध झालेले ज्ञान आहे. लोकरचनेचे प्रयोजन निराळे आहे. बारा अनुप्रेक्षांमध्ये लोकभावनेला स्थान आहे, ते अफाट विश्वात मनुष्यजन्माची दुर्लभता मनावर ठसावी म्हणून. प्रवासाचा नकाशा मिळावा म्हणून नव्हे.

हा भेद एकदा स्पष्ट केला, की परंपरा भूगोलशिक्षकाला साहाय्यकच ठरते. सूर्यप्रज्ञप्तीत सर्वांत मोठा दिवस १८ मुहूर्तांचा व सर्वांत लहान १२ मुहूर्तांचा सांगितला आहे. मुहूर्त ४८ मिनिटांचा धरला तर मोठा दिवस १४ तास २४ मिनिटांचा होतो. आपल्याकडे दक्षिण महाराष्ट्रात तो तेरा तासांहून थोडाच अधिक असतो. हा फरक का पडतो, असे सातवीच्या मुलांना विचारावे. त्याचे उत्तर अक्षांशात आहे. चौदा तासांहून मोठा दिवस उत्तरेकडे, वायव्य भारताच्या अक्षांशांवर मिळतो. शाळेच्या पटांगणात एक काठी उभी रोवून तिची मध्यान्हीची सावली वर्षभर मोजली, तर महाराष्ट्रात वर्षातून दोनदा ती पायाशी नाहीशी होते, हे मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. जंबुद्वीपाच्या १९० भागांतून त्यांना प्रमाण कळते, तर परिघाच्या आकड्यातून वर्तुळाचे गणित. नकाशा शिकण्यास याहून चांगली पूर्वतयारी कोणती?

गौतम गणधरांच्या प्रश्नांना भगवान महावीरांनी दिलेली उत्तरे, अशा रूपात आपले आगमसाहित्य परंपरेने जपले आहे. ज्या धर्मात पट्टशिष्याचा गौरव त्याच्या जिज्ञासेमुळे होतो, तेथे सहावीतल्या मुलाचा प्रश्न दडपला जाऊ नये. न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात पाठशाळेच्या भिंतीवरील जंबुद्वीपाच्या पटाशेजारी पृथ्वीचा एक गोलही ठेवला जावा आणि दोहोंविषयी निर्भयपणे बोलणारे गुरुजी मुलांना लाभावेत. पुढील पन्नास वर्षांसाठी समाजाला हा संकल्प करता येईल.