सैनिकांची वेदना आणि उपचारांचे मोजमाप

१८६४ साली सायलस वेअर मिचेल ह्या अमेरिकन वैद्याने दोन सहकाऱ्यांसह, बंदुकीच्या गोळीने मज्जातंतूंना होणाऱ्या इजांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. जखम भरून आल्यावरही ज्यांच्या अंगाची आग शमत नव्हती, अशा सैनिकांची वर्णने त्यात आहेत. त्या काळी मुख्य आधार मॉर्फिनचा आणि यशाची कसोटी एकच : दुखणे थांबले की नाही.

ही कसोटी अपुरी आहे, हे दुसऱ्या महायुद्धाने दाखविले. इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर ह्याने २१५ जखमींची विचारपूस केली. त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांशांना वेदनाशामक औषध नकोच होते. १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ह्या निष्कर्षावरून जखमेचे आकारमान व वेदनेची तीव्रता ह्यांचे नाते सरळ नाही, हे उघड झाले. टॅकोमाजवळील मॅडिगन लष्करी रुग्णालयात भूलतज्ज्ञ जॉन बोनिका ह्यास उलट अनुभव येत होता : जखम बरी, वेदना कायम. त्याने निरनिराळ्या शाखांच्या वैद्यांना एकत्र आणून अशा रुग्णांचा विचार सुरू केला. (बोनिका हा कसलेला मल्ल होता व कुस्तीतील दुखापतींनी स्वतःही पीडित होता, त्याच्या चिकाटीचा विचार करताना ही गोष्ट दृष्टीआड करण्याजोगी नाही.) १९५३ मध्ये त्याचा वेदनाचिकित्सेवरील बृहद्ग्रंथ निघाला. पुढे सिअॅटलच्या विद्यापीठात त्याचा सहकारी, मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस ह्याने मोजमापाचा रोखच पालटला. रुग्ण 'किती दुखते' म्हणतो, ह्यापेक्षा तो किती चालतो, किती वेळ अंथरुणात असतो व किती गोळ्या घेतो, हे तो पाहू लागला.

तथापि हा धडा सर्वत्र पचला नाही. १९९९ मध्ये अमेरिकेच्या माजी सैनिक आरोग्यखात्याने वेदनेस 'पाचवे जीवनचिन्ह' मानून प्रत्येक भेटीत शून्य ते दहा असा आकडा नोंदविण्यास प्रारंभ केला. हेतू चांगला होता. परंतु त्याच खात्याच्या एका रुग्णालयाविषयी २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यामुळे उपचारांचा दर्जा सुधारल्याचे आढळले नाही.

टॅम्पा येथील तीन आठवड्यांच्या निवासी कार्यक्रमाची परीक्षा अधिक बोधप्रद आहे. वैद्य, मानसशास्त्रज्ञ व व्यायामोपचारक तेथे एकत्र काम करीत. अफूवर्गीय औषधे क्रमाने बंद केली जात. २०१३ मधील प्रबंधानुसार ती सोडणारे आणि मुळातच न घेणारे असे दोन्ही गट सुधारले. औषध काढल्यास सैनिक कोलमडेल, ह्या भीतीला हे सबळ उत्तर होय. मात्र अशा पाहणीत उपचाराविना राहिलेला तुलनागट नसतो, आणि मध्येच निघून गेलेल्यांचे पुढे काय झाले, हे कार्यक्रम पूर्ण करणाऱ्यांच्या सरासरीवरून कळत नाही.