लोखंडी नांगराची वाट
लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या कारखान्याचा इतिहास सहसा यशापासून सांगितला जातो. परंतु त्याचा आरंभ नकारांच्या मालिकेत आहे आणि तो तसाच वाचणे अधिक न्याय्य ठरते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकत असताना रंगांधत्वामुळे, म्हणजे काही रंगांतील भेद न ओळखू येण्याच्या दोषामुळे, त्यांना ती वाट सोडावी लागली. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत त्यांनी यांत्रिक रेखाटन शिकवले, मात्र हक्काची बढती डावलली गेल्यावर नोकरीचा राजीनामा देऊन ते बेळगावच्या सायकल-व्यवसायाकडे वळले.

तेथेच कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर घडले. लाकडी नांगर माती केवळ फाडतो, तर लोखंडी नांगराचा वळणदार पत्रा फाळाने कापलेली ढेप उलटी करतो, त्यामुळे तणाची मुळे उघडी पडतात. तरीही लोखंडाने जमीन विषारी होते, या समजुतीने शेतकरी प्रारंभी ते अवजार घेण्यास धजले नाहीत. ही शंका केवळ अज्ञान म्हणून झटकणे अन्यायाचे होईल, कारण ज्याचे वर्षाचे अन्न एका हंगामावर अवलंबून असते, त्याला अपरिचित अवजाराचा प्रयोग परवडत नाही. लक्ष्मणरावांनी मात्र उत्पादन थांबवले नाही.

विक्री हळूहळू वाढू लागली, तोच बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा रिकामी करण्यास सांगितले. अखेर औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळचा ३२ एकरांचा माळ देऊ केला आणि त्या निवडुंगाच्या रानात १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहू लागली.