यंत्राचे वजन आणि माणसाचा आवाज

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, बखरी, दप्तरे आपल्या डोळ्यांपुढे येतात. ध्वनिमुद्रणाचे यंत्र हेही तसेच एक साधन होय. कोणाचा आवाज मागे उरावा, हे पुष्कळदा या यंत्राच्या वजनाने ठरविले आहे. इंग्लंडचे उदाहरण घेऊ.

१९३० नंतरच्या दशकात बीबीसीच्या ऑलिव्ह शॅपली या बाई उत्तर इंग्लंडात कामगारांचे बोलणे टिपत हिंडत. त्यांची मुद्रणाची गाडी २७ फूट लांब आणि सात टनांहून जड होती. ती रस्त्यात उभी करायची आणि तार ओढत मायक्रोफोन घरात न्यायचा. तार पोचेल तेथवरच मुद्रण. पुढे १९४४ साली युद्धवार्ताहरांना तबकडीवर मुद्रण करणारे सुमारे ४० पौंडांचे यंत्र मिळाले. पण तबकडीची एक बाजू तीनेक मिनिटांतच संपे. अडखळत बोलणाऱ्या माणसाला तीन मिनिटे म्हणजे नुसता घसा साफ करण्यापुरता वेळ!

१९५० नंतर चुंबकीय फितीचे, बॅटरीवर चालणारे, खांद्याला अडकवता येणारे यंत्र आले. ईएमआय कंपनीचे असे यंत्र पंधरा पौंडांच्या आसपास होते. त्याने काय घडविले ते पाहा.

९ फेब्रुवारी १९५७ रोजी जॉन ॲक्सन या इंजिनड्रायव्हरच्या इंजिनातील वाफेची नळी फुटली आणि ब्रेक निकामी झाला. अंग भाजत असता त्याने फायरमनला खाली उतरविले, स्वतः मात्र इंजिन सोडले नाही. चॅपेल-एन-ले-फ्रिथ स्थानकात टक्कर होऊन तो मरण पावला. चार्ल्स पार्कर आणि गीतकार युअन मॅककॉल ही कथा रेडिओसाठी रचण्यास निघाले. कामगारांचे बोलणे टिपायचे, त्यावरून संहिता लिहायची आणि ती नटांकडून वदवायची, ही तेव्हाची रूढ रीत. परंतु रेल्वे कामगारांच्या तोंडची ती सकस भाषा ऐकल्यावर दोघांनी नट बाजूला ठेवले आणि मूळ आवाजच ठेवले. २ जुलै १९५८ रोजी 'द बॅलड ऑफ जॉन ॲक्सन' प्रसारित झाले.

यामागची तंत्राची बाजू साधी आहे. मायक्रोफोन दुप्पट दूर नेला की त्याच्यापर्यंत पोचणारी ध्वनीची शक्ती चौथाई उरते. भोवतीचा खडखडाट मात्र तेवढाच राहतो. म्हणून यंत्र घेऊन माणसाजवळ जावेच लागते. बिनतारी मायक्रोफोनने तारेचे बंधन सोडविले, तरी नवी अडचण आणली. लोखंडी खांबांवरून, छपरांवरून रेडिओलहरी परततात. सरळ आलेली आणि परतलेली लहर एकमेकींना मारक ठरली की त्या जागी आवाज क्षणभर नाहीसा होतो. म्हणून दोन अँटेना लावतात आणि जिच्यावर लहर चांगली येते ती ग्राहकयंत्र निवडते. चालताबोलता माणूस टिपायचा तर हे ठीक. एका जागी बसून साक्ष देणाऱ्यासाठी साधी तारच अधिक भरवशाची.

दुसरी गोष्ट फितीच्या कापणीची. सेकंदाला साडेसात इंच धावणाऱ्या फितीवर एक सुस्कारासुद्धा चांगला काही इंच लांब असतो. तो पात्याने सहज कापता येतो आणि त्याबरोबर माणसाची शंका, त्याचे दुःख, त्याचा रागही कापला जातो. यंत्र हलके झाले, पण पाते कोणाच्या हाती, हा प्रश्न उरलाच.

कामगार चळवळीत आम्ही अपघाताच्या चौकशीचे असंख्य जबाब पाहिले. खाली अंगठा कामगाराचा, भाषा मात्र कारकुनाची. 'निष्काळजीपणामुळे' हा शब्द कोणता कामगार आपण होऊन स्वतःविषयी उच्चारील? आज प्रत्येकाच्या खिशातील फोन ध्वनी टिपतो. वजनाची सबब उरलेली नाही. आपल्या गावातील वृद्ध विणकर, गाडीवान, गिरणीकामगार यांच्याजवळ बसावे, मायक्रोफोन जवळ धरावा, मूळ मुद्रण न कापता जपावे आणि त्याची एक प्रत बोलणाऱ्याच्या घरी द्यावी. आवाज त्याचा आहे. त्यावर पहिला हक्कही त्याचाच.