ताप उतरल्यानंतर

साथींचा इतिहास लिहिणाऱ्यांस मृत्यूंचा हिशेब ठेवण्याची संवय असते. त्यांचा तरी काय इलाज? सरकारी दप्तरांत रकाना असतो तो मृतांचा. जो अंथरुणावरून उठला तो बरा झाला, असें दप्तर गृहीत धरतें. पण बरा झाला म्हणजे नेमकें काय झालें, हें आम्हांस इतिहासालाच विचारावेंसें वाटतें.

१८८९ सालीं रशियांतून युरोपभर पसरलेल्या इन्फ्ल्युएन्झाच्या लाटा पुढें कित्येक वर्षें येत राहिल्या. (ती साथ कोरोना जातीच्या विषाणूची असावी, असा तर्क अलीकडे कांहीं संशोधक करतात.) १८९५ च्या फेब्रुवारींत इंग्लंडचे मुख्य प्रधान लॉर्ड रोझबरी यांस इन्फ्ल्युएन्झानें गांठलें. ताप गेला, झोंप मात्र परतली नाहीं. सत्तेचाळीस वर्षांचे हे गृहस्थ कित्येक आठवडे रात्रीमागून रात्र जागून काढीत होते, आणि दिवसा साम्राज्याचा गाडा हांकीत होते. जूनमध्यें एका मतदानांत हार होतांच त्यांनीं अधिकार सोडला. सरकार पडलें तें मुख्यतः पक्षांतील दुहीमुळें, हें खरें. तथापि प्रधानाची झोंप ही राजकारणाची बाब असल्यामुळें ती लिहिली तरी गेली.

मुंबईच्या गिरणगांवांतील झोंप कोण लिहिणार? १९१८ च्या जूनमध्यें इन्फ्ल्युएन्झा गोदीवाटे शहरांत शिरला आणि सप्टेंबरांत दुप्पट त्वेषानें उलटला. ६ ऑक्टोबर या एका दिवशीं ७६८ मृत्यूंची नोंद झाली. सबंध हिंदुस्थानांत एक कोटी वीस लाखांहून कमी माणसें दगावलीं नसावींत, असा बहुतेक अभ्यासकांचा अंदाज आहे. हा झाला मृतांचा रकाना. पण अंगावरून ताप गेलेला विणकर पुन्हां साच्यावर उभा राहिला, आणि घटकाभरांत त्याला धाप लागली, तर तें कोणत्या वहींत यावयाचें? मजुरी कामाच्या मापानें. मुकादमाच्या लेखीं तो आळशीच ठरला असेल.

वास्तविक आमच्या वैद्यांस ही गोष्ट जुनी आहे. ज्वर सुटलेल्यानें अंगांत बळ येईपर्यंत व्यायाम, स्नान, हिंडणेंफिरणें वर्ज्य करावें, असें चरकसंहितेच्या ज्वरप्रकरणांत स्पष्ट सांगितलें आहे. मात्र तें पथ्य पाळावयास घरांत धान्य हवें. आणि त्या वर्षीं पाऊसहि हुकला होता. समुद्रापलीकडे पूर्व आफ्रिकेंत, टांगानिकाच्या दक्षिण भागांत, वांचलेल्यांच्या अंगीं पेरणीपुरतें त्राणहि उरलें नव्हतें. तेथील १९१९ च्या दुष्काळाचें एक कारण म्हणून इतिहासकार याकडे बोट दाखवितात.

शंभर वर्षांनंतर अशाच एका रेंगाळणाऱ्या दुखण्याला नांव मिळालें, आणि तेंहि डॉक्टरांकडून मिळालें नाहीं. कोरोनाच्या साथींत, मे २०२० मध्यें, एलिसा पेरेगो या इटालियन पुरातत्त्वज्ञ विदुषीनें स्वतःच्या न संपणाऱ्या आजारास ‘लाँग कोव्हिड’ म्हटलें; इतर रोग्यांनीं तो शब्द उचलला. ऑक्टोबर २०२१ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें त्याची व्याख्या केली: साधारणतः दुखणें सुरू झाल्यापासून तीन महिन्यांनीं दिसणारीं, निदान दोन महिने टिकणारीं आणि दुसऱ्या कोणत्याहि निदानानें न उलगडणारीं लक्षणें. त्यांत थकवा व धाप हीं दोन्हीं नांवानिशीं आहेत.