थिएटरातले अश्रू

विहाराच्या स्मरणिकेत सिनेमाचे काय काम, असे कोणी म्हणेल. पण आपल्या वस्त्यांतली माणसे थिएटरच्या अंधारात किती रडली आणि कोणासाठी रडली, हाही इतिहासच आहे. तो थोडक्यात सांगावा असे आम्हाला वाटते.

3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. पुढे 1917 ला ‘लंकादहन’ आला. पडद्यावर राम दिसला की प्रेक्षक हात जोडत, असे सांगतात. त्यात राम आणि सीता ही दोन्ही सोंगे साळुंके नावाच्या एकाच नटाची, पण हात जोडणाऱ्याला त्याचं काय! तेरा वर्षांनी, 1930 साली, नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे आपली माणसे सत्याग्रहाला उभी राहिली. राम तोच. देवळाचे दार बंद, आणि मुंबईच्या थिएटरात मात्र पैसे मोजले की दर्शन.

1936 ला ‘अछूत कन्या’ आला. देविका राणीची कस्तुरी ही रेल्वे फाटकावरच्या अस्पृश्य रखवालदाराची मुलगी, अशोककुमारचा प्रताप ब्राह्मणाचा. लग्न काही होत नाही आणि शेवटी धावती गाडी थांबवता थांबवता कस्तुरीच मरते. लोक ओक्साबोक्शी रडले. आमचे मत स्पष्ट आहे : मेलेल्या अस्पृश्य मुलीसाठी रडणे सोपे असते. तिला सून करून घ्यायची वेळच येत नाही ना!

बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’त (1959) ती जगते. ‘चंडालिके’ची कथाही त्यात येते. भिक्खू आनंद तहानेने तिच्याकडे पाणी मागतात, ही गोष्ट आपल्या मुलाबाळांना ठाऊक आहे. नूतनचा तो गप्प चेहरा पाहून कोणाचेही मन हेलावेल. पण पाळणाऱ्या आईला रक्त दिल्यावरच सुजाता घरची होते. नागपूरची दीक्षा होऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. कोणाच्या मान्यतेची वाट न पाहता ज्यांनी मार्ग बदलला, त्यांना हा शेवट कसा पुरणार?

डॉ. जब्बार पटेल यांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ हा इंग्रजी चित्रपट. त्याला आणि मामूटी यांच्या अभिनयाला 1998 सालचे राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. इंग्रजी संवाद आमच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायांना कळत नव्हते. पण चवदार तळ्याचा प्रसंग आला आणि त्या उठून उभ्याच राहिल्या. खाली बसा म्हणायची कोणाची छाती झाली नाही.

मग फेब्रुवारी 2014 मध्ये नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ आला. जब्या हा कैकाडी पोरगा. अख्खे घर डुकराच्या मागे धावतेय, डुक्कर हाताशी आलेय, तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. सगळे जागच्या जागी ताठ उभे, आणि डुक्कर पळून जाते. थिएटरात काही जण हसले. आम्हालाही आधी हसूच आले, मग ते घशात अडकले. पुढे बांधलेले डुक्कर खांद्यावर घेऊन ही माणसे शाळेच्या भिंतीवरून जातात. भिंतीवर बाबासाहेब आहेत, सावित्रीमाई आहेत, गाडगेबाबा आहेत. त्या क्षणी आमच्या मागून कोणीतरी मोठ्याने हुंदका दिला. आणि शेवटी चिडवणाऱ्यांवर भिरकावलेला जब्याचा दगड सरळ पडद्यातून आपल्या अंगावर येतो. अंधार. संपला सिनेमा. शंभर वर्षे प्रेक्षक पडद्याकडे बघून रडत होता, इथे पडद्यानेच प्रेक्षकाला धरले. तो दगड फक्त सवर्णांसाठी होता, असं समजून कोणी घरी गेलं असेल तर त्याने आपल्या शेजारच्या कैकाडी, वडार घरांशी आपण कसे वागतो तेही बघावे.

29 एप्रिल 2016 ला ‘सैराट’ लागला. ‘झिंगाट’ला पोरं खुर्च्या सोडून पडद्यापुढे नाचली. शेवटी आवाजच बंद होतो. आर्ची-परशाचे ते लहानगे पोर रक्ताची पावले उमटवत घराबाहेर येते. दिवे लागले तरी नाचलेली पोरं जागची हलली नाहीत. जिन्यात कोणी कोणाशी बोलत नव्हते. आमच्या वस्तीतल्या एका मुलीने तेवढे विचारले, “काकू, त्या बाळाला आता कोण सांभाळणार?”